दारावरचा कॅमेरा : काय पाहावे, काय पाहू नये

गावचा पहारा म्हटला की पोलीस पाटील, कोतवाल आणि रात्री रस्त्यावर काठी आपटीत जाणारा गुरखा, एवढीच मंडळी आमच्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभी राहत असत. आज पिंपळगाव राजाच्या बाजारातून एक फेरी मारली, तर कृषी सेवा केंद्र, औषधांचे दुकान, सोनाराची पेढी, किराणा भांडार अशा बहुतेक ठिकाणी छताच्या कोपऱ्यात एक पांढरा घुमट किंवा नळकांड्यासारखा डोळा लोंबताना दिसतो आणि त्याच्या खाली 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटी असते. घरांवरही आता हे डोळे येऊ लागले आहेत. हा डोळा कोणता घ्यावा, कोठे लावावा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, ह्याचा विचार मात्र घेणारा क्वचितच करतो. तो विचार विकणाऱ्यावर सोपविलेला असतो.

आपले महाविद्यालय कला शाखेचे. येथे तारा आणि यंत्रांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु मला हा विषय जितका यंत्राचा वाटतो, तितकाच साक्षीचा, न्यायाचा आणि शेजारधर्माचा वाटतो.

प्रथम शब्दाविषयी. आपण सर्रास 'सीसीटीव्ही' म्हणतो. त्याचा मूळ अर्थ बंदिस्त मंडलातील दूरचित्रण. १९४२ साली जर्मनीत व्ही-२ अग्निबाणांची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहता यावीत म्हणून अशी व्यवस्था केली गेली, असे तिच्या इतिहासात सांगतात. कॅमेरा, तार आणि पडदा. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. नेटवर्क कॅमेऱ्याने ही बंदिस्त कडी उघडली. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. त्याची चित्रे अगदी संथ येत, परंतु तो स्वतःच एक छोटा संगणक होता, त्याला स्वतःचा पत्ता होता आणि त्या पत्त्यावर कोठूनही पोहोचता येत होते. आज दुकानावर लागणारा 'आयपी' कॅमेरा त्याचाच वंशज. म्हणजे नाव बंदिस्ताचे आणि स्वभाव उघड्याचा. ह्या कॅमेऱ्याचे बहुतेक गुण आणि बहुतेक धोके ह्या एका विसंगतीत सापडतात.

आता एक प्रसंग सांगतो. गावातल्या एका दुकानात काही महिन्यांपूर्वी खताची पोती कमी भरली. मालकाने कॅमेऱ्याचे चित्रण काढले. त्यात रात्री शटर अर्धे खाली असताना एक आकृती आतबाहेर करताना दिसत होती. चेहरा म्हणजे एक पांढरा डाग. कोपऱ्यातील घड्याळात पावणेदहा वाजलेले. दुकान बंद होते नऊला. अंगकाठीवरून दुकानातल्या पोऱ्याचे नाव निघाले. दोन दिवस त्याला चार लोकांपुढे उभे करून विचारणा झाली. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की यंत्राचे घड्याळ पाऊण तास पुढे आहे. ती आकृती नऊ वाजता, नेहमीच्या वेळी, दुकान आवरणाऱ्याची होती. पोत्यांचा हिशेब पुढे गोदामाच्या वहीत जुळला. मुलगा मात्र कामावर परत आला नाही. कॅमेरा नसता तर संशय आला नसता असे मी म्हणत नाही. पण अर्धवट पुराव्याने संशयाला जे वजन आले, ते नुसत्या तोंडी बोलण्याला आले नसते. म्हणून वाईट कॅमेरा हा 'नसल्यापेक्षा बरा' असतो, हे मला मुळीच मान्य नाही.

ह्यानंतर लवकरच माझ्या मामांनी आपल्या कृषी केंद्रासाठी व त्यामागच्या घरासाठी कॅमेरे घ्यावयाचे ठरविले आणि चौकशीचे काम मजकडे आले. तालुक्याच्या एका विक्रेत्याने पाहता क्षणीच 'आठ कॅमेऱ्यांचा संच' सांगितला. मामा म्हणाले, "आठ कॅमेरे लावून मले का सिनेमा काढायचा हाय?" मामांचा प्रश्न विनोदाचा असला, तरी निवडीची सुरुवात तेथूनच व्हावी लागते. कॅमेऱ्याने काय करावयाचे आहे? कोणी आले एवढे कळणे, ओळखीचा माणूस ओळखता येणे आणि अनोळखी माणसाचा चेहरा पुढे पोलिसांना दाखविण्याइतका स्पष्ट मिळणे, ह्या तीन अगदी निरनिराळ्या गरजा आहेत.

ह्यांचे माप ठरलेले आहे. चित्र हे बारीक बिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या मानकानुसार प्रत्यक्ष दृश्याच्या एका मीटर रुंदीवर सुमारे २५ पिक्सेल पडले, तर कोणीतरी आहे एवढे कळते. १२५ पडले तर परिचित माणूस ओळखू येतो आणि २५० पडले तर अपरिचिताची ओळख पटविण्याजोगा चेहरा मिळतो. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. १९२० ला २५० ने भागले की साधारण पावणेआठ मीटर येतात. म्हणजे त्या कॅमेऱ्याने पावणेआठ मीटरहून अधिक रुंदीचा देखावा पाहावयास घेतला, तर चेहऱ्याची खात्री संपली.

रुंदी ठरते ती भिंगावरून. बाजारात सर्वाधिक विकले जाणारे २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० अंशांचा कोन पाहते. ह्या कोनात कॅमेऱ्यापासून तीन-सव्वातीन मीटरवरच दृश्य पावणेआठ मीटर रुंद होते. त्यापलीकडे चेहरा विरघळू लागतो. आठ मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, हाच कॅमेरा एकोणीस मीटर रुंद पट्टा दाखवितो आणि मीटरमागे शंभरच पिक्सेल देतो. तेथे ओळखीचा माणूससुद्धा चालण्यावरूनच ओळखावा लागेल. उलट ६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ५० अंशच पाहते, पण आठ मीटरपर्यंत चेहरा टिकवून धरते. विक्रेते मात्र मेगापिक्सेलचा आकडा वाढवून सांगतात. २ च्या जागी ४ मेगापिक्सेल घेतले म्हणजे दुप्पट दूरचे दिसते, असा समज त्यातून होतो. बिंदू दुप्पट झाले तरी ते रुंदी आणि उंची ह्या दोहोंत वाटले जातात. रुंदी होते २५६० पिक्सेल आणि त्याच भिंगाने चेहऱ्याचे अंतर सव्वातीनावरून सव्वाचार मीटरवर जाते, बस्स. दुप्पट अंतर हवे असेल तर चौपट, म्हणजे ८ मेगापिक्सेल हवेत. योग्य भिंगाने जे काम होते, ते नुसत्या आकड्याने करू पाहणे म्हणजे शिडी न लावता उड्या मारणे होय.

आम्ही टेप घेऊन दुकान मोजले. दरवाजा सव्वादोन मीटर रुंद, गल्ला त्याच्यापासून पाच मीटर आत. दाराकडे रोखलेला एक अरुंद भिंगाचा कॅमेरा, गल्ल्यावर एक, गोदामाच्या तोंडाशी एक आणि घराच्या मागील दारी एक, असे चार पुरे झाले. उंचीचाही प्रश्न आला. कोणी चोरून नेऊ नये म्हणून कॅमेरे पंधरा फुटांवर लावण्याची रीत आहे. इतक्या उंचीवरून टोपी, रुमाल आणि टक्कल ह्यांचे उत्तम चित्रण होते! चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सात-आठ फुटांवर असावा, म्हणजे नजर फार तिरपी पडत नाही.

प्रकाशाची गोष्ट आणखी नाजूक आहे. मामांच्या दुकानाचे तोंड पश्चिमेला. सायंकाळी आतून दाराकडे पाहिले की येणारा प्रत्येक माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. आपल्या डोळ्यांना जे जड जाते, ते साध्या कॅमेऱ्याला मुळीच साधत नाही. ह्यासाठी 'डब्ल्यूडीआर' नावाची सोय असते. कॅमेरा एकच दृश्य कमी-जास्त प्रकाशमानाने टिपून ती चित्रे एकत्र करतो आणि उजेड व सावली दोन्ही सांभाळतो. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय केवळ चित्र उजळ करण्यापुरती असते. तेव्हा कागदावरील शब्दावर न जाता खरोखरच्या दारात, खरोखरच्या पाच वाजता लावून पाहण्याचा आग्रह धरावा.

रात्री बहुतेक कॅमेरे स्वतःचा अदृश्य अवरक्त प्रकाश टाकतात आणि चित्र कृष्णधवल होते. हा प्रकाश माणसाला दिसत नाही, परंतु त्या दिव्याभोवती किडे जमतात. किड्यांमागे कोळी येतो, भिंगापुढे जाळे विणतो आणि जाळ्यावरून उलटलेल्या प्रकाशाने सारे चित्र पांढरे पडते. पोऱ्याच्या चेहऱ्याचा जो पांढरा डाग झाला होता, त्याचे एक कारण हेच असावे. कॅमेरा भिंतीला किंवा छपराच्या कडेला अगदी खेटून लावला, तरी प्रकाश तिच्यावरून परततो आणि तोच दोष उद्भवतो. आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि सरकी-कापसाच्या दिवसांत हवेत धूळ व तंतू भरून राहतात. म्हणून बाहेरच्या कॅमेऱ्यावर धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' हे चिन्ह आणि उष्णतेची मर्यादा पाहून घ्यावी. (येथील 'आयपी'चा नेटवर्कच्या 'आयपी'शी काही संबंध नाही. इंग्रजी आद्याक्षरांनी आपल्या लोकांचा किती गोंधळ उडविला आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा.)

तारेचे म्हणावे तर नेटवर्क कॅमेऱ्याची एक मोठी सोय आहे. एकाच तारेतून चित्र जाते आणि वीजही येते. ह्या पद्धतीला 'पीओई' म्हणतात. मर्यादा शंभर मीटरची. बिनतारी वाय-फायचे कॅमेरे लावण्यास सोपे, पण जाड मातीच्या भिंतींच्या जुन्या वाड्यांत ते रुसतात. आणखी एक गैरसमज असा की इंटरनेट नसेल तर हे कॅमेरे निरुपयोगी. वस्तुतः चित्रण साठविणारे यंत्र, म्हणजे एनव्हीआर, घरातच असते आणि ते इंटरनेटवाचून रात्रंदिवस काम करते. इंटरनेट लागते ते परगावी बसून पाहण्यासाठी.

साठवण किती लागेल, हे चौथीच्या गणिताने काढता येते. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच २६५ ह्या नव्या संक्षेप-पद्धतीने साधारण दर सेकंदाला २ मेगाबिट पाठवितो असे धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. आठ बिटांचा एक बाइट. उत्तर येते २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६ गिगाबाइटच्या वर. एक टेराबाइटची चकती ह्या हिशेबाने साडेअकरा दिवसांत भरते आणि यंत्र जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. खताची पोती कमी असल्याचे महिन्याच्या मोजणीत लक्षात येत असेल, तर साडेअकरा दिवसांचे चित्रण काय कामाचे? आम्ही तीस दिवस धरले आणि चार टेराबाइटची, चोवीस तास लेखन सोसणारी चकती घेतली. तुलनेसाठी सांगतो : २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला, तेव्हा चित्रण अठरा महिने आणि तेवढी साधने बाजारात नसल्यास किमान एक वर्ष टिकले पाहिजे, असे बजाविले होते.

विजेचे फार वर्णन करीत नाही. चार कॅमेरे, यंत्र आणि राउटर मिळून पन्नास वॅटच्या आसपास खातात. घरच्या इन्व्हर्टरवर ही सर्व मंडळी रात्र काढू शकतात. मात्र त्या इन्व्हर्टरच्या जोडणीत राउटरला विसरू नये.

घड्याळाचा आणि पुराव्याचा प्रश्न मात्र विस्ताराने सांगण्यासारखा आहे आणि त्याचे ठळक उदाहरण आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल ह्यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजेपर्यंत होती. अर्ज मुदतीनंतर सादर झाले असा आक्षेप होता. निर्णय अधिकाऱ्याच्या कक्षात व बाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे सारा वाद कॅमेऱ्याने टिपलेल्या काही मिनिटांवर येऊन ठेपला. चित्रणाच्या प्रती न्यायालयात आल्या, पण त्यांच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र नव्हते. वारंवार मागूनही ते देण्यात आले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि देशभराला लागू होईल असा दंडक घालून दिला : इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यावयाची असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळविण्याचा सर्व प्रयत्न केला आणि दुसऱ्याच्या नकारामुळे ज्याला ते मिळाले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही. निकाल लागेपर्यंत त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती, हा भाग निराळा.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्राचा ताबा असणाऱ्याने द्यावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात 'हॅश' नावाचा एक आकडाही नोंदवावा लागतो. तो त्या फाइलचा अंगठाच समजा. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी अंगठा बदलतो. ह्यावरून दुकानदाराने एवढे घ्यावे की काही घडल्यास पडद्यावरील चित्राचे मोबाइलवर चित्रण करून व्हॉट्सॲपवर फिरविणे म्हणजे पुरावा नव्हे. मूळ यंत्र बंद न करता त्यातून फाइल काढावी, मूळ चकती जपावी आणि यंत्राचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी. इंटरनेट नसेल तर दर महिन्याला हाताने जुळवावे. पाऊण तासाची किंमत मघाशी सांगितलीच आहे.

आता उघड्या स्वभावाच्या धोक्याकडे वळू. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे व तत्सम यंत्रे ताब्यात घेतली. कुलूप फोडावे लागलेच नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते, तेच एकामागून एक लावून पाहिले गेले. ह्या यंत्रांच्या फौजेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. ते दूरचे वाटत असेल, तर २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आलेले राजकोटचे प्रकरण आठवावे. तेथील एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतील स्त्री-रुग्णांची चित्रणे बाहेर पडली आणि विकली गेली. तपासात महाराष्ट्रातूनही अटक झाली. ज्या डोळ्याला आपण राखणीला ठेवले, तोच फितूर झाला.

म्हणून खरेदी करतानाच काही गोष्टींचा हट्ट धरला पाहिजे. पासवर्ड मालकाने स्वतः ठरवावा. लावणाऱ्या माणसाने 'माझ्याकडे राहू द्या, पुढे सोपे जाते' म्हटले तर हसून नकार द्यावा. आमच्या वेळी हा संवाद झाला आणि त्या गृहस्थांना थोडा राग आला, पण ते असो. यंत्रातील अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ती कंपनी देत राहते की नाही, हे विचारावे. राउटरमध्ये बाहेरून आत येण्यासाठी दार उघडून ठेवण्याची, म्हणजे 'पोर्ट फॉरवर्ड'ची सोय बंद ठेवावी. केंद्र शासनाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी ठरविल्या असून ९ एप्रिल २०२५ पासून त्यांची प्रयोगशाळेत तपासणी होऊन नोंदणी मिळणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक खोक्यावर पाहावा आणि तो कोणत्या प्रतिमानाचा आहे तेही ताडून घ्यावे. 'ऑनव्हिफ' हे २००८ साली सुरू झालेले समान मानकही पाहिलेले बरे. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकतो, आणि पुढे एखादा बिघडला तर सारा संच बदलावा लागत नाही.

मागील दारच्या कॅमेऱ्याने आमच्या घरात खरा वाद निर्माण केला. तो लावला तेव्हा चित्रात आमचे दार आले, बोळ आला आणि बोळापलीकडचा ओटाही आला. तेथे समोरच्या काकू दुपारी निवडण-टिपण करीत बसतात. त्यांच्या सुना भांडी घासतात. मामी पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "समोरच्या काकूनं आता ओट्यावर बसावं का नाही बसावं?" मामांचे म्हणणे पडले की आपण थोडेच पाहत बसणार आहोत. ह्यावर मामींनी उत्तर दिले नाही, पण स्वयंपाकघरात निघून गेल्या, आणि आमच्या घरात ते उत्तरच समजले जाते.

कायदाही मामींच्याच बाजूचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात चालणारे कॅमेरे बंद करावयास लावले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू नाही, हे खरे. परंतु दुकान हे घर नव्हे आणि काकूंचा ओटा तर मुळीच आमचे घर नव्हे.

ह्यावर उपाय यंत्रातच होता. बहुतेक बऱ्या कॅमेऱ्यांत दृश्याचा एखादा चौकोन कायमचा काळा करून टाकता येतो. तेवढ्या भागाचे चित्रणच होत नाही. आम्ही कॅमेरा थोडा खाली वळविला आणि ओट्यावर काळा चौकोन ओढला. एवढ्यावर थांबलो नाही. काकूंना घरी बोलावून पडदा दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो काळा चौकोन बराच वेळ न्याहाळला आणि "हा आमचा ओटा का?" असे विचारून चहा घेतला. आवाज टिपण्याची सोय आम्ही चारही कॅमेऱ्यांत बंद ठेवली आहे. गिऱ्हाईक उधारीबद्दल मामांशी जे बोलते, ते त्या दोघांतच राहावे.

राहता राहिला शेताचा प्रश्न. विहिरीवरच्या मोटरी आणि तांब्याच्या तारा चोरीस जाणे हे आमच्या भागातले खरे दुखणे. कृषिपंपाच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते. म्हणून तेथे सौर पट्टीवर चालणारा, सिमकार्डाचा कॅमेरा सुचविला जातो. तो चोवीस तास चित्र पाठवू लागला तर वर काढलेल्या हिशेबाने दिवसाला २१.६ गिगाबाइट लागतील आणि मोबाइलचा पॅक दुपारपूर्वीच संपेल. म्हणून असे कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात आणि चित्रण आतल्या कार्डावर ठेवतात. रानडुकरे, रोही, वाऱ्याने हलणारी तूर ह्या सर्वांसाठी ते जागे होतात. मामांच्या फोनवर रात्रीतून चाळीस-चाळीस इशारे आले तर एकेचाळिसाव्याला, म्हणजे चोराला, ते उठून पाहतील असे मला वाटत नाही. शिवाय खांबावरचा कॅमेरा हाच चोराच्या दृष्टीने मोटरीइतका विकाऊ माल. विहिरीवर आम्ही कॅमेरा घेतला नाही. लोहाराकडून मोटरीला पिंजरा करून घेतला आणि तो काँक्रीटमध्ये पुरला.